थोरलीची कंबर

गडी गेले ते तोंडदेखलं सांगूनसुद्धा गेले नाहीत. सकाळी उठून बघावं तर दोन्ही खोपट्या रिकाम्या, चुलीतली राख गार आणि दोरीवर एक फाटकं पोतं तेवढं लोंबत राहिलेलं. पलीकडच्या मोठ्या भट्टीवाल्यानं त्यांना फितवलं, हे काय कुणी सांगायला हवं होतं? वर आभाळ भरून आलेलं. पडतही नव्हतं आणि सरतही नव्हतं. खाली मैदानभर कच्च्या विटांच्या ओळी वाळत होत्या. त्यांना पाणी लागलं की पुन्हा सगळा चिखल. त्या सगळ्या उचलून भट्टीत रचायच्या, वरून लिंपायचं, पेटवायचं, एवढं काम. आणि माणसं घरची पाच. सासू, दोन मुलगे, दोन सुना.

त्यात धाकटीला नववा लागलेला. आणि थोरलीला कंबर होती.

कंबर तशी सगळ्यांनाच असते, पण या घरात कंबर म्हटलं की ती थोरलीचीच. सहा वर्षांपूर्वी, आता मावशीकडं राहून शाळा शिकणाऱ्या तिच्या पोरीच्या वेळी सिझर झालं, तेव्हापासून तिनं डोक्यावर वीट घेतली नव्हती. ती चाळणी घेऊन बसायची. राख चाळायची, साच्यांना वाळू लावायची, सगळ्यांचं रांधायची. उठताना एक हात कमरेवर, एक भिंतीला, आणि तोंडातून बारीकसं "आई गं". ते "आई गं" आता इतकं अंगवळणी पडलं होतं की ते दुखण्याचं होतं की सवयीचं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं.

सासूला सगळा परिसर मुकादमीण म्हणायचा. साठी उलटलेली, पण पाठ साच्यातून काढल्यासारखी सरळ. नवरा गेल्यावर भट्टी तिनंच हाकली. मुलांसाठी पोरी बघायला जायची तेव्हा कुणी चेहरा बघतं, कुणी रंग बघतं, ही मान बघायची. ओझं घेणारी मान आहे का नाही. धाकटीची मान बघून तर तिनं हातातला चहा संपायच्या आत होकार दिला होता.

"थोरला सकाळी झाला," डोक्यावरची विटांची फळी उतरवत मुकादमीण म्हणाली. "संध्याकाळी मी चूल पेटवली होती. धाकट्याच्या वेळी तर कळा येईपर्यंत साचा हातातच होता. कुणी मला विचारलं नाही, कसं बाळंत व्हायचंय तुला म्हणून. आणि आता या डॉक्टरणी विचारतात! हॉटेल आहे का ते?"

धाकटी भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसून विटा एकावर एक लावत होती. पोट मांड्यांवर टेकलेलं, घामानं झंपर पाठीला चिकटलेला.

मुकादमिणीनं भाजलेल्या दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. टणकन आवाज आला. "अशी वाजली पाहिजे. एकदा चिरली की कितीही जपा, भद् वाजते." आणि तिनं थोरलीकडं बघितलं.

थोरलीनं चाळणी जोरात हलवायला घेतली. असली वाक्यं तिनं सहा वर्षं ऐकली होती. राखेसारखी ती खाली पडू द्यायची सवय झाली होती तिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. मुकादमीण म्हणाली, "थोरले, तू पण चल."

"मी कशाला आत्याबाई? स्वयंपाक..."

"राहू दे स्वयंपाक. कापल्यावर बाईचं काय होतं ते डॉक्टरणीला एकदा दिसू दे."

म्हणजे आपल्याला दाखवायला नेतायत, एवढं थोरलीला कळलं. ती टेंपोत बसली. कमरेवर हात ठेवून बसली.

दवाखान्याच्या बाकांवर पोटुश्या बायकांची ही गर्दी. नंबर येईपर्यंत दुसरं काय करणार, बोलणं त्याच विषयावर गेलं. एक चापूनचोपून केस बांधलेली बाई म्हणाली, तिनं तर तारीखच घेतलीय, उगाच जिवाला घोर नको. तिच्या शेजारची म्हणाली, छे, कळा सोसल्याशिवाय मला नाही बाई आई झाल्यासारखं वाटलं. कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. शुद्धीवर आले तर पोट शिवलेलं. वाचलो दोघं, पण अजून वाटतं, विचारायला तरी हवं होतं." तेव्हा चौथ्या खेपेची एक भाजीवाली ऐसपैस बसली होती ती म्हणाली, "मला विचाराल तर एक खेप नवऱ्याला द्यावी. मग कसं ठरवतात बघू, कापायचं का ढकलायचं!" बाक हसून हसून हलला. धाकटीसुद्धा हसली. तिला हसताना थोरलीनं वर्षभरात बघितलं नव्हतं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी धाकटीला तपासलं. "गेल्या वेळी बाळ आडवं होतं, अडकलं. या वेळी डोकं खाली आहे. इथं येऊन साधं बाळंतपण करायचा प्रयत्न करता येईल, आम्ही सारखं लक्ष ठेवू. नाहीतर दिवस ठरवून ऑपरेशन. दोन्हीत बरं-वाईट आहे, ते मी सांगते. पण ठरवायचं हिनं."

"ऑपरेशन," धाकटी म्हणाली. जणू दारातून आत येतानाच तो शब्द तिनं दातांत धरून आणला होता.

"काय बोलतेस?" मुकादमीण उठलीच. "बाळ सरळ आहे म्हणतायत ना त्या? मग कापायचं कशाला? हौस म्हणून?"

"हौस नाही आत्याबाई. मला परत त्यातून जायचं नाही. दोन दिवस मी..." धाकटीनं पोटावर हात ठेवला. "मला भीती वाटते."

"भीती सगळ्यांनाच वाटते. डॉक्टरीणबाई, तुम्ही हिचं ऐकू नका. आमच्या घरी एक आहे कापलेली. ही बघा. सहा वर्षं झाली, दहा विटा उचलत नाही. विचारा तिलाच."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून थोरलीकडं बघितलं. धाकटीनंही बघितलं. धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, आपल्या चपलांकडं बघत होता, त्याची काही मदत नव्हती.

"काय त्रास होतो तुम्हाला?"

आता बघा, थोरलीला इथं बोलता आलं असतं. खोली लहान होती, दार लावलेलं होतं, ऐकणारी बाई शिकलेली होती. पण सासू शेजारी उभी.

"कंबर धरते," ती म्हणाली. "वजन घेववत नाही."

"सहा वर्षं? एवढं राहायला नको. येऊन जा एकदा, तपासू." मग त्या धाकटीकडं वळल्या. "एकीला झालं ते दुसरीला होईलच असं नसतं."

"आम्ही रोज बघतो ना," मुकादमीण म्हणाली.

चार दिवसांनी सांगायचं, असं ठरवून सगळे बाहेर पडले.

घरी आल्यावर धाकटी हौदाशी हातपाय धूत होती. थोरली भांडी घेऊन तिथं गेली, आणि बघते तर धाकटी तिचीच वाट बघत थांबलेली.

"जाऊबाई, खरं सांगाल? फार दुखतं का हो? रोज?"

"दुखतं गं."

"म्हणजे कसं? कळांपेक्षा जास्त?"

"तसं नाही... धरल्यासारखं होतं."

"मी ते घेईन," धाकटी म्हणाली. "जन्मभर धरू दे कंबर. फक्त तुम्ही आत्याबाईंना एकदा म्हणा, की सोसण्यासारखं असतं. तुमचंच ऐकतील त्या. मी म्हटलं तर भ्याली म्हणतात."

"बघते," थोरली म्हणाली आणि राखेनं तवा घासत बसली. धाकटी गेली तरी घासत बसली, तवा लख्ख झाला तरी.

कारण थोरलीची कंबर दुखत नव्हती.

पहिलं वर्षभर दुखली, खोटं कशाला बोला. टाके ओढायचे, वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग हळूहळू थांबलं. कधी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नाही. तीनेक वर्षांपूर्वी एका दुपारी कोळशाचं पोतं घसरून पोरीच्या अंगावर चाललं होतं, ते थोरलीनं धावत जाऊन उचललं आणि बाजूला फेकलं. मग ती तशीच उभी राहिली, आता कळ येईल म्हणून वाट बघत. आली नाही. आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती, की कुणी बघितलं तर नाही? लग्नानंतरचे दोन हंगाम तिनं वाहिल्या होत्या विटा. मानेत शिरणारी आग, तळपायाच्या भेगा, झोपेतसुद्धा चालणारे पाय, सगळं आठवत होतं. या घरात आजारी पडायला सवड नव्हती, माहेरी जायला सवड नव्हती. कंबर ही तिची एकुलती एक रजा होती. ती तिनं सोडली नाही.

आणि मग गेल्या वर्षी धाकटी अडली. घरी एक दिवस, दवाखान्यात एक दिवस. ऑपरेशन करू या, असं तिथं म्हणत होते आणि मुकादमीण बाहेर ओरडत होती, "एक कापलेली आहे घरात, दुसरी नको!" थोरली तिथंच भिंतीला टेकून उभी होती. कमरेवर हात होता. बाळ गेलं. टॉवेलात गुंडाळलेलं ते गाठोडं धाकट्यानं दोन्ही हातांवर घेतलं होतं, भरलेल्या भांड्यातलं पाणी सांडू नये अशा बेतानं. त्या दिवसापासून थोरलीनं मनाशी एकच धरून ठेवलं होतं: अडवलं ते सासूनं. मी कुठं काय बोलले? रोज रात्री ती हेच स्वतःला ऐकवायची आणि मगच तिला झोप लागायची.

चार दिवस काही वाट बघत बसले नाहीत. तिसऱ्याच दिवशी दुपारी वारा सुटला. मैदानावरचा भुसा उडायला लागला, आभाळ खाली उतरलं. मुकादमीण नुसती पळत होती. फळी डोक्यावर, चढणीच्या पाटावरून वर, विटा उतरवायच्या, पुन्हा खाली. दोन्ही मुलगे वाहत होते. थोरली ताडपत्र्या ओढत होती, तीही बसल्या बसल्या.

धाकटी वीट लावता लावता थांबली. तिनं खाली बघितलं. पायांवरून पाणी ओघळून राखेत मुरत होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली. "चला."

मुकादमीण आली, बघितलं, तिच्या पोटावर हात ठेवला. "कळ आहे?"

"आहे."

"मग अजून वेळ आहे. खोलीत जाऊन पड. एवढी ओळ आत घालू, मग निघू."

"आत्ता निघायचं," धाकटी म्हणाली. "आणि गेल्यावर ऑपरेशन. मी सांगून ठेवते."

"अगं बाळ सरळ आहे..."

"गेल्या वेळी पण तुम्ही वेळ आहे, वेळ आहे करत होतात!" धाकटी किंचाळली. एवढ्या मोठ्यानं या घरात मुकादमिणीशिवाय कुणी बोललं नव्हतं. धाकट्यानं डोक्यावरची फळी खाली टाकली. दोन विटा फुटल्या, पण कुणी बघितलं नाही.

"आई, नेऊ या ना," तो म्हणाला. "ती म्हणते तसं करू या."

"तुम्ही सगळे मला वैरीण ठरवा!" मुकादमिणीचा आवाज फाटला. "मला काय नातवंड नको आहे? पण गेलं तर ते एकदा जातं रे, आणि ही बाई चाळीस वर्षं बसून राहील घरात. माझे गुडघे रात्री रडतात, कुणाला सांगितलंय मी? उद्या मी बसले की कोण वाहणार? ही?" तिनं थोरलीकडं बोट केलं. "हिचं काय झालं बघता ना? तेच करायचंय का धाकटीचं?"

सगळ्यांनी थोरलीकडं बघितलं. धाकटीनं भट्टीशेजारी उभ्या टेंपोची फळी दोन्ही हातांनी धरली होती, कळ आली होती तिला, ओठ पांढरे पडले होते. पण ती बघत होती ती थोरलीकडंच.

थोरली उठली. भिंतीला हात न लावता उठली. सासूच्या हातातली चुंबळ तिनं काढून घेतली, डोक्यावर बसवली, त्यावर फळी ठेवली आणि एकेक वीट लावायला लागली. सासू वाहायची तेवढ्या झाल्या. त्यावर आणखी एक थर. मानेत ती जुनी आग शिरली, तिला ती लगेच ओळखू आली. हात न धरता ती पाटावरून वर चढली, विटा उतरवल्या, रिकामी फळी घेऊन खाली आली. आणि पुन्हा लावायला लागली.

वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती, तेवढाच आवाज. तिचा नवरा टेंपोच्या दाराशी उभा राहून बघत होता, कुणी परकी बाई घरात शिरल्यासारखा.

"ठेव खाली," मुकादमीण म्हणाली.

थोरलीनं फळी ठेवली.

"म्हणजे दुखत नाही?"

"नाही."

"मी तुझ्या वाटणीचं वाहिलं," मुकादमीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच थोरलीला तिच्याकडं बघवेना. "या वयात. पोरीला कापलंय, तिला कशाला ओझं, म्हणून मी वाहिलं गं."

थोरलीला वाटलं, हिनं एक मुस्काटात मारावी. पण मुकादमीण वळली आणि टेंपोकडं चालायला लागली. "चढा सगळे. भिजायच्या त्या भिजू देत विटा. करू देत तिला काय करायचं ते."

पुढं थोरला चालवायला, त्याच्याशेजारी आई आणि धाकटा. मागं पोत्यांवर धाकटी आडवी, आणि तिच्या उशाशी थोरली. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक धक्क्याला धाकटी थोरलीचा हात दाबत होती, नखं रुतत होती. थोरलीला त्या नखांचं बरंच वाटत होतं. आपण एक तरी गोष्ट नीट केली, असं तिला वाटत होतं. या घरात आता आपल्याला कुणी सुखानं बसू देणार नाही, हे दिसत होतं, पण बसायचंय कुणाला.

"झालं गं आता," ती म्हणाली. "आता तुझ्या मनासारखं होईल. कुणी अडवणार नाही तुला."

धाकटी वर टेंपोच्या छताकडं बघत होती. कळ ओसरली होती.

"गेल्या वेळी पण कुणी अडवलं नव्हतं," ती म्हणाली.

"आत्याबाई ओरडत होत्या ना बाहेर..."

"त्या बाहेर. आत मला डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दोनदा विचारलं. सासूचं सोड, तुझं काय म्हणणं आहे, म्हणाल्या. मीच नको म्हटलं." धाकटीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मला वाटलं, तुमच्यासारखं व्हायला नको. रोज उठता-बसता आई गं, आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. मी तुमच्याकडं बघून नको म्हटलं, जाऊबाई."

पुढची कळ आली तेव्हा धाकटीनं तिचा हात धरला नाही. पोत्याचा कोपरा धरला.

दवाखान्याच्या दारात चाकांची खाट आणली. काय ठरलंय, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं आणि धाकटीनं पुन्हा सांगितलं, ऑपरेशन. तिचं ऐकून त्या कामाला लागल्या. नर्सबाई म्हणाल्या, "तयारी होईपर्यंत आणि नंतर सोबत एक बाई थांबू शकते. कोण येतंय?"

थोरली पुढं झाली.

"आत्याबाईंना बोलवा," धाकटी म्हणाली. "त्या असतं ते तोंडावर बोलतात."

मुकादमिणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग हात-पाय धुऊन, विटांचा लाल चिखल नखांतून निघेल तेवढा काढून, ती सुनेच्या खाटेमागं आत गेली. आत जाताना ती सुनेला म्हणत होती, "मी आहे गं. ओरड किती ओरडायचं ते."

बाहेर थोरली उभी राहिली. बाकावर जागा होती, पण तिला बसवेना. तिचा नवरा एकदा येऊन गेला. धाकटा खिडकीशी होता. बाहेर पाऊस लागला होता, म्हणजे मैदानावर ज्या राहिल्या त्या गेल्या. थोरलीला विटांचं काही वाटलं नाही. आतून आवाज येतो का, एवढंच ती ऐकत होती.

आला. बारीक, चिडका, थांबून थांबून येणारा. धाकटा भिंतीला कपाळ लावून रडायला लागला, लहान पोरासारखा.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि मुकादमीण बाहेर आली. "पोरगी आहे," ती म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. शुद्धीत आहे ती, बोलतेय." धाकट्याला तिनं खांद्याला धरून आत ढकललं. थोरली त्याच्यामागं निघाली, तेव्हा मुकादमिणीनं दारात हात आडवा धरला.

"थांब. तिनं तुला एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"ही कंबर कधी बरी झाली? गेल्या वर्षी, तिचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा... तेव्हा तुला दुखत होतं का नव्हतं?"

नर्सबाई ट्रे घेऊन मधून गेल्या. मुकादमिणीच्या डोळ्यांत राग नव्हता. उलट, हो म्हण, असंच ती म्हणत असल्यासारखं थोरलीला वाटलं. हो, दुखत होतं, आत्ता कुठं थांबलंय. एवढं म्हटलं की झालं. कोण बघायला आलं होतं? हात बाजूला झाला असता, ती आत गेली असती, पोरीला मांडीवर घेतलं असतं.

"नव्हतं," थोरली म्हणाली.

मुकादमीण तिच्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि दार ओढून घेतलं.